सारखा न्यूमोनिया होतोय, कुठलं ऑपरेशन करावं?

परवा शिवाजी पेठेतल्या वहिनींनी विचारलं, "पोटात नळी बसवली, तरी आबांना परत न्यूमोनिया कसा? आता कुठलं ऑपरेशन करायचं, सांगा की!"

पेगच्या, म्हणजे पोटाला छिद्र पाडून थेट जठरात बसवलेल्या नळीनं जेवण घसा टाळून पोटात जातं, पण लाळ कुठं टळते? ती दिवसाला अर्धा-एक लिटर तरी सुटते, आणि नीट गिळता येत नसेल तर श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करते. पेग ही पोटाची सोय, फुप्फुसांची नव्हे. ट्रॅकिओस्टॉमीचंही, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत बसवलेल्या नळीचंही तसंच. नळीभोवतीचा फुगा फुगवला तरी बाजूनं लाळ झिरपते. सक्शनला, म्हणजे मशीननं लाळ-कफ ओढून काढायला वाट मिळते, हा तिचा खरा फायदा.

एकच स्वरतंतू लुळा पडला असेल तर आधी थायरोप्लास्टीचं, म्हणजे तो तंतू मध्यावर ढकलायच्या ऑपरेशनचं विचारा. बहुधा गळ्यापुरती भूल देतात. सिलिकॉनचा तुकडा सरकवत सर्जन पेशंटला आकडे म्हणायला लावतात आणि आवाज ऐकून माप ठरवतात. खोकल्याला जोर येतो. पण घशात लाळ उतरल्याची जाणीवच गेली असेल, तर एवढ्यानं भागत नाही.

मग उरतात दोन मोठी ऑपरेशनं. पहिल्यात श्वासनलिका आडवी कापून वरचं टोक शिवून बंद करतात किंवा अन्ननलिकेला जोडतात. खालचं टोक गळ्यावर उघडतं. लाळेला फुप्फुसाकडं जायला वाटच राहत नाही. आवाज जातो, मात्र स्वरयंत्र जागेवर असल्यानं पुढं सुधारणा झाली तर जोडणी उलटवता येऊ शकते. प्रत्यक्षात ती वेळ क्वचितच येते. दुसऱ्यात स्वरयंत्रच काढतात. त्यातून माघार नाही.

माझं मत विचाराल तर, आबा अजून चार शब्द समजतील असे बोलत असतील तर घाई नको. बोलणं आधीच गेलं असेल आणि महिन्याआड ॲडमिट करावं लागत असेल, तर पहिलं ऑपरेशन. काहींना नंतर तोंडानं थोडं खाताही येतं. पांढऱ्या रश्श्याचा एक चमचा काय असतो, ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

सक्शन मशीन पायानं चालणारंही घ्या. २०१९ च्या महापुरात लाइट किती दिवस नव्हती, आठवतंय ना?

आणि या दोन मोठ्या ऑपरेशनांपैकी कुठलंही केलंत, तर पलंगाशी ठळक अक्षरांत लिहून लावा: "श्वास फक्त गळ्यातल्या छिद्रातून. ऑक्सिजन तिथंच द्या, नाकाला नको."