डॉयर्स स्ट्रीटचं वळण मस्त, माईक मात्र नाही

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधली ही पायी सहल मी टोळ्यांच्या इतिहासासाठी घेतली. सुरुवात कोलंबस पार्कात. बाकांवर म्हातारे पत्ते कुटत होते. पत्रकार-छायाचित्रकार जेकब रीसने 1888 च्या सुमारास जिथल्या गुंडांच्या गल्लीचा फोटो काढला, ती मलबेरी बेंडची वस्ती पाडूनच 1897 मध्ये हे पार्क झालं.

शेजारचं फाइव्ह पॉइंट्स, ही जुनी गरिबांची वस्ती, म्हणजे तळं बुजवून केलेली जमीन. घरं खचायची, म्हणून भाडं कमी, म्हणून गरीब आयरिश तिथे. 4 जुलै 1857 ची डेड रॅबिट्स आणि बॉवरी बॉइज या टोळ्यांची दंगल गाइडने नाटकासारखी रंगवली. टोळ्या पुढाऱ्यांसाठी मतदानाच्या दिवशी दंडेली करायच्या, हे मात्र मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. इटालियन टोळीचा म्होरक्या पॉल केली, नाव आयरिश घेतलेला, एका वाक्यात उरकला!

डॉयर्स स्ट्रीटला पैसे वसूल. गल्ली अशी वळते की पुढचा माणूस दिसत नाही. हिप सिंग आणि ऑन लिआँग या टाँगांच्या, म्हणजे चिनी बंधुसंघटनांच्या, मारामाऱ्या इथल्याच. चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणाऱ्या 1882 च्या कायद्यामुळे वस्तीत जवळजवळ पुरुषच उरले, मग आधार, कर्ज आणि जुगार, सगळं टाँगकडे. पण 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेली कुटुंबं आणि सत्तरच्या दशकातली घोस्ट शॅडोज या चिनी टोळीची पोरं? त्यावर चकार शब्द नाही.

वीस माणसं आणि माईक नाही. जाल तर गाइडला चिकटून चाला. पाचपैकी साडेतीन.