सात तासांत आलेला कल्चर रिपोर्ट

बाळ्याची नसबंदी ठरली होती. दीड वर्षाचा गावठी, रस्त्यावरून उचलून आणलेला. त्याच्या शूच्या जागेतून अधूनमधून पिवळट-हिरवट थेंब पडायचा, कधी फरशीवर, कधी सोफ्यावर. सासूबाई फडकं घेऊन मागे. नखं कापायला आणि आंघोळीला त्याला ज्या दुकानात नेतो, तिथल्या माणसाने तो थेंब पाहिला आणि चेहराच पाडला. "ताई, हे इन्फेक्शन आहे. असंच टेबलावर घेतलं तर टाके पिकतील, कुत्रं हातचं जाईल."

हातचं जाईल म्हटल्यावर कोण हिशोब करतं?

६,८०० रुपयांचं 'प्री-सर्जरी हायजीन पॅकेज'. त्यात कल्चर टेस्ट (म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून ते कोणते हे पाहणं), सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या, धुवायचं 'स्पेशल सोल्यूशन', ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटाखाली वस्तरा आणि वर 'बॅक्टेरिया-फ्री' सर्टिफिकेट. सकाळी अकराला कापसाच्या काडीवर सॅम्पल घेतलं, संध्याकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट हजर: ई. कोलाय नावाचा जंतू, हेवी ग्रोथ, म्हणजे भरपूर वाढ. मी उलट खूश, काय फास्ट सर्व्हिस! घरात दही लागायला रात्र जाते हे मला ठाऊक, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

सोल्यूशनची बाटली बिनलेबलची, आत गुलाबी द्रव. सिरिंजने दिवसातून दोनदा आत सोडायचं, पाणी न घालता. तिसऱ्या दिवशी बाळ्या सतत चाटायला लागला. अंडकोशाची कातडी लालभडक, कडेने साल सुटलेली. फोन केला तर म्हणाला, "घाण बाहेर पडतेय, चालू ठेवा." आणि मी आणखी दीड दिवस चालू ठेवलं. पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागतं.

शेवटी जिथे ऑपरेशन ठरलं होतं त्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी बाटली नुसती हलवली. फेसच फेस. "अहो, हा हात धुवायचा स्क्रब आहे. साबण आहे यात. आतल्या नाजूक अस्तरावर कोण घालतं?"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. वयात आलेल्या नर कुत्र्याच्या लिंगावरच्या कातडीत थोडा असा चिकट स्राव बहुतेक वेळा नैसर्गिकच असतो. रक्त, घाण वास, सूज किंवा लघवीला त्रास असेल तर गोष्ट वेगळी. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय ही मंडळी निरोगी कुत्र्यातही तिथे राहतात. म्हणजे काडी फिरवली की काहीतरी उगवणारच, आणि 'बॅक्टेरिया-फ्री' सर्टिफिकेट कुणीच देऊ शकत नाही. ती जागा धुवायची असेल तर भूल दिल्यावर, बिनसाबणाच्या, भरपूर पातळ केलेल्या औषधाने: क्लोरहेक्सिडीन ०.०५ टक्के किंवा पोव्हिडोन आयोडीन १ टक्का. पोटाच्या ऑपरेशनात हे जास्त महत्त्वाचं, कारण तेव्हा लिंग चिरेच्या अगदी शेजारी असतं. केस त्याच दिवशी, मशीनने काढतात. आदल्या दिवशी वस्तरा मारला की बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना रात्रभर तिथे आयतं रान मिळतं. नेहमीच्या नसबंदीला आधीपासून आठवडाभर अँटिबायोटिक लागतच नाही.

रिपोर्ट पाहून तर ते हसलेच. जंतू डोळ्यांना दिसण्याइतके वाढायला साधारण १८ ते २४ तास लागतात. कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक दिवस. माझ्या रिपोर्टवर औषधांचा तक्ता नव्हता, सही नव्हती, लॅबचा पत्ताही नव्हता.

पैसे मागायला गेले तर उत्तर तयार होतं: "कुत्र्याने चाटलं म्हणून झालं." बिल पाहिलं, त्यावर फक्त 'ग्रूमिंग' लिहिलेलं. जनावरावर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे असा १९८४ चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक विचारला, तर म्हणे "आमचे डॉक्टर बाहेरगावी असतात." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पॅकेज घेण्याआधी तुम्ही डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा आणि बिलावर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून घ्या.

कातडी भरून यायला तीन आठवडे गेले. ऑपरेशनच्या दिवशी दाराच्या काचेतून मी पाहत होते. बाळ्या गाढ झोपलेला, डॉक्टरांच्या हातात सिरिंज, त्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. पाच मिनिटंही लागली नाहीत. बिलात त्याची वेगळी ओळसुद्धा नव्हती.