टेस्ट बेंचच्या सॉफ्टवेअरमध्ये स्किंटिला: काही महिने वापरल्यानंतर

भोसरीत आम्ही गाड्यांचे कंट्रोलर तपासणाऱ्या बेंचचं सॉफ्टवेअर सी-शार्प, विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या स्क्रीन बनवायची डॉटनेटची चौकट) लिहितो. प्रत्येक स्टेपला पास-फेलची अट एक्स्प्रेशन म्हणून द्यावी लागते: इंजिन चालू असेल तर व्होल्टेज 13.2 ते 14.8 मध्ये हवं, वगैरे. साध्या टेक्स्टबॉक्समध्ये बंद करायचा राहिलेला कंस पार्ट फिक्स्चरमध्ये (तपासणीसाठी पार्ट धरणारा साचा) चढल्यावरच कळायचा. म्हणून स्किंटिला बसवला, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये टाकता येणारा कोड एडिटरचा तयार कंट्रोल. नोटपॅड++ च्या पोटात आहे तोच, 1999 पासूनचा, फुकट.

रंग, कंसांच्या जोड्या, चुकीखाली लाल नागमोडी रेघ, सगळं झकास. पण हा अख्खा एडिटर आहे आणि आपल्याला हवी असते एक ओळ. त्यामुळे जोडण्यापेक्षा काढण्यातच वेळ जातो. डावीकडचा 16 पिक्सेलचा मार्जिन शून्य करा, स्क्रोलबार घालवा, एक्सेलमधून पेस्ट होताना येणारी नवी ओळ गाळा. टॅब आणि एंटर तो स्वतःच गिळतो, डायलॉगपर्यंत पोहोचू देत नाही. ते आधीच पकडावे लागतात. जुनी अट लोड केल्यावर अनडू बफर (मागे घेता येणाऱ्या बदलांची नोंद) रिकामा करायलाच हवा, नाहीतर कंट्रोल-झेड दाबलं की अट गायब.

ऑटोकंप्लीटची यादी तो स्पेसवर तोडतो. आमच्याकडे ‘बॅटरी व्होल्टेज’ अशी नावं, त्यांचे दोन तुकडे दिसतात. सेपरेटर, म्हणजे नावं वेगळी करणारं चिन्ह, बदला, आणि यादी क्रमाने लावूनच द्या.

खरी गंमत मराठीत आहे. आमचे टेस्ट इंजिनिअर अटीतच कॉमेंट टाकतात, ‘/* गरम */’ अशी. स्किंटिला स्थान बाइटमध्ये मोजतो आणि युटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. आपला पार्सर (अट वाचून चूक शोधणारा कोड) सी-शार्पच्या स्ट्रिंगमधली स्थानं देणार, आणि तिथे तेच चिन्ह एकच मोजलं जातं. म्हणजे एवढ्याशा कॉमेंटनंतर लाल रेघ सहा घरं डावीकडे सरकते, आणि माणूस बरोबर असलेला आकडा खोडत बसतो. इंग्रजी मजकुरावर चाचणी केली तर हे कधीच दिसणार नाही. स्थान बदलून देणारे संदेश (स्किंटिलाला द्यायच्या आज्ञा) स्किंटिलातच आहेत. किंवा स्किंटिला सी-शार्पमधून सरळ वापरू देणारा तयार डॉटनेट रॅपर घ्या, तो हे रूपांतर करून देतो. थेट संदेश पाठवण्याचा हट्ट मला तरी परवडणारा वाटत नाही.

ग्रिडच्या प्रत्येक ओळीत मात्र एकेक स्किंटिला ठेवू नका. आम्ही ग्रिडमध्ये साधा मजकूरच दाखवतो आणि ज्या सेलवर क्लिक होईल तिच्यावर एकच कंट्रोल आणून बसवतो. चारशे स्टेपची सिक्वेन्सही त्यामुळे चटकन उघडते.