ड्यूकचा जेनेटिक्स कोर्स: ऐकायला सोपा, सोडवायला नाही

कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा 'इंट्रोडक्शन टू जेनेटिक्स अँड इव्होल्यूशन' हा कोर्स २०१२ पासून आहे. शिकवतात मोहम्मद नूर. फळमाशीच्या एका जातीतून दुसरी जात कशी फुटते हा त्यांच्या संशोधनाचा विषय, त्यामुळे कोर्समध्ये फळमाशी अधूनमधून डोकावत राहते. बी.एस्सी.ला किंवा कृषी पदवीला जेनेटिक्सचा पेपर असलेली मुलं हमखास विचारतात, कोर्स सोपा आहे का? ऐकायला सोपा आहे. व्हिडिओ छोटे, बोलणं स्पष्ट, अवघड शब्दांचा भडिमार नाही. फसगत होते ती नेमकी इथेच. सलग चार व्हिडिओ मान डोलवत ऐकून होतात आणि प्रश्नसंच उघडल्यावर पहिल्याच प्रश्नाला हात थबकतो.

आधी एक खुलासा. हा मोजणीचा कोर्स आहे. कोणत्या संकरातून कोणती संतती किती, लोकसंख्येत कोणता अलील (जीनचं एखादं रूप) किती, यावर त्याचा सगळा भर. डीएनएची प्रत कशी निघते, ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं), लॅक ओपेरॉन (जीवाणूत जीन चालू-बंद कसे होतात) हे हवं असेल तर इथे फार थोडं हाती लागेल. सुरुवातीचे उत्क्रांतीच्या पुराव्यांवरचे व्हिडिओ चांगले आहेत, पण परीक्षा तोंडावर असेल तर ते मागे ठेवून थेट मेंडेलवर या.

मेंडेलपाशी काय-स्क्वेअरचा, म्हणजे मिळालेले आकडे अपेक्षित गुणोत्तराशी जुळतात का हे तपासणाऱ्या चाचणीचा, सराव पक्का करा. आकडे त्याचेच घ्या: दुसऱ्या पिढीत जांभळ्या फुलांची झाडं ७०५, पांढरी २२४, एकूण ९२९. ३:१ धरलं तर अपेक्षित ६९६.७५ आणि २३२.२५. दोन्हीकडे फरक ८.२५, त्याचा वर्ग त्या-त्या अपेक्षित आकड्याने भागून बेरीज केली की येतात ०.३९. एका डिग्री ऑफ फ्रीडमला (प्रकार दोन, त्यातून एक वजा) मर्यादा ३.८४, म्हणजे ३:१ नाकारायचं कारण नाही. बरीच मुलं आधी टक्केवारी काढतात आणि ७५.९ विरुद्ध ७५ असं गणित मांडतात. मग उत्तर ०.०४ येतं. ही चाचणी नमुना किती मोठा आहे यावर चालते; टक्केवारी केली की ९२९ झाडांची १०० झाली. इथे निष्कर्ष बदलत नाही म्हणून चूक खपून जाते, पुढच्या गणितात खपत नाही.

कोर्सचा कस लागतो तो जीन मॅपिंगच्या, म्हणजे गुणसूत्रावर जीनचा क्रम आणि अंतर काढायच्या भागात, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तोही इथेच. थ्री-पॉइंट क्रॉसचं एक गणित बघा. तीन जीन, टेस्ट क्रॉस (तिन्ही जीनला रिसेसिव्ह, म्हणजे दोन प्रती असल्या तरच दिसणारे अलील असलेल्या जोडीदाराशी संकर), संतती १,०००. आठ प्रकारांच्या चार जोड्या पडतात: ७०८, १९२, ९२ आणि ८. सगळ्यात मोठी जोडी जनकांसारखी, सगळ्यात छोटी दुहेरी क्रॉसओव्हरची (क्रॉसओव्हर म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांतली तुकड्यांची अदलाबदल). पहिलं काम अंतर काढणं नाही, क्रम लावणं. या दोन जोड्या एकाखाली एक लिहा. इतर दोघांच्या मानाने जो एकच जीन बदललेला दिसतो तो मधला. प्रश्नात जीन ज्या क्रमाने दिले असतील तोच खरा धरून चालणं ही पहिली चूक, आणि ती झाली की पुढचं गणित कितीही नीट केलं तरी वाया.

मग अंतरं. ९२ अधिक ८ भागिले १,००० म्हणजे १० सेंटीमॉर्गन (जीनमधलं अंतर मोजायचं एकक). १९२ अधिक ८ भागिले १,००० म्हणजे २०. ते ८ दोन्हीकडे मिळवायचे, कारण त्यांच्यात दोन्ही ठिकाणी क्रॉसओव्हर झालेला आहे. विसरलात तर ९.२ आणि १९.२ येतात, आणि बहुपर्यायी पेपरात हेच आकडे पर्याय म्हणून टाकायला परीक्षकांना फार आवडतं. मधला जीन झाकून फक्त टोकाचे दोन मोजले तर अंतर ३० ऐवजी २८.४ भरतं. दोनदा अदलाबदल झाली की टोकाचे दोघे पुन्हा मूळच्या जोडीत दिसतात आणि मोजणीतून निसटतात. अपेक्षित दुहेरी क्रॉसओव्हर ०.१ गुणिले ०.२ गुणिले १,००० म्हणजे २०, मिळाले ८. म्हणून कोइन्सिडन्स (मिळालेले भागिले अपेक्षित) ०.४ आणि इंटरफेरन्स (एकातून ते वजा) ०.६. निसटलेले क्रॉसओव्हर हिशेबात धरायचं सूत्र ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलं. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावर दोन ओळी तरी असायला हव्यात.

फळमाशीच्या गणितात आणखी एक खाचखळगा. नरात क्रॉसओव्हर होतच नाही. हेटेरोझायगस (जीनच्या दोन प्रती वेगळ्या असलेला) म्हणून नर वापरलेला असेल तर रिकॉम्बिनंट (जनकांपेक्षा वेगळ्या जुळणीची संतती) शून्य येतात, आणि जीन एकमेकांना चिकटून आहेत असा खोटा निष्कर्ष निघतो. प्रश्न वाचताना हेटेरोझायगस मादी आहे की नर, त्याखाली आधी रेघ ओढा.

मेंडेलची गुणोत्तरं जिथे बिघडतात तो भाग कोर्समध्ये नीटस आहे, पण मराठी विद्यार्थ्याला एपिस्टॅसिससाठी (एका जीनने दुसऱ्याचा परिणाम झाकणं) परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही. बॉम्बे रक्तगट १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच नोंदवला. एच जीनच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की ए आणि बी अँटिजेन तयारच होत नाहीत आणि नेहमीच्या तपासणीत रक्त 'ओ' दिसतं. म्हणून 'ओ' दिसणाऱ्या आईला 'एबी' गटाचं मूल होऊ शकतं. आई-वडील दोघेही एबी आणि दोघेही एच जीनला हेटेरोझायगस असतील, तर मुलांत ए, एबी, बी आणि 'ओ'सारखे दिसणारे यांचं प्रमाण ३:६:३:४ यायला हवं. हे स्वतः मांडून १६ चा ताळा जुळला, तर हा भाग समजला.

हार्डी-वाइनबर्गचा भाग (अलीलच्या प्रमाणावरून लोकसंख्येतल्या जोड्यांचं प्रमाण काढणं) स्वच्छ शिकवला आहे. रिसेसिव्ह आजार २,५०० मध्ये १ असेल तर त्या अलीलचं प्रमाण ०.०२ आणि वाहक सुमारे २५ मध्ये १. वर्गमूळ काढायचा हा शॉर्टकट जोड्या यादृच्छिकपणे जुळतात असं धरलं तरच चालतो. नात्यात लग्नं होत असतील तर चालत नाही, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही काही ऐकीव गोष्ट नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलांचा इनब्रीडिंग कोएफिशंट (दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आल्याची शक्यता) १/१६. वरच्याच आजारात ०.०००४ मध्ये १/१६ गुणिले ०.९८ गुणिले ०.०२ मिळवा: ०.००१६ च्या वर जातं, म्हणजे धोका चौपट. मामा-भाचीच्या लग्नात कोएफिशंट १/८ होतो. तो आकडा घालून स्वतः करून बघा.

वंशावळीच्या गणितात हमखास चुकणारी जागा म्हणजे दोन तृतीयांश. आई-वडील निरोगी, एका मुलाला रिसेसिव्ह आजार, त्याची बहीण निरोगी. ती वाहक असण्याची शक्यता १/२ नाही, २/३. ती आजारी नाही हे आपल्याला माहीत आहे, म्हणून चारातली एक शक्यता आधीच बाद झाली.

नैसर्गिक निवड आणि ड्रिफ्टचे (निव्वळ योगायोगाने अलीलचं प्रमाण बदलणं) व्हिडिओ बरे आहेत, पण ड्रिफ्ट नुसतं ऐकून डोक्यात शिरत नाही. निवडीसाठी सिकलसेल घ्या. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे आणि वाहकांना मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. साध्या होमोझायगसचं (दोन्ही प्रती साध्या) नुकसान ०.१ आणि सिकल होमोझायगसचं (दोन्ही प्रती सिकल) ०.८ धरलं, तर सिकल अलील ०.१ भागिले ०.९, म्हणजे सुमारे ०.११ वर स्थिरावतो.

पैसे भरण्याआधी नुसतं ऐकण्याचा पर्याय मिळतो का, ते नाव नोंदवताना बघून घ्या. प्रमाणपत्र नको असेल तर खर्च करण्यासारखं फारसं काही नाही.

कोर्सची खरी उणीव म्हणजे सराव कमी पडतो. ती भरून काढायला एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर ७.०३ हा २००४ चा जेनेटिक्स कोर्स फुकट आहे: कायझर, फिंक आणि सॅमसन यांचा. टिपणं कोरडी, पण गणितं अस्सल, आणि उत्तरं सोबत. जीवाणू, फाज (जीवाणूंना लागणारे विषाणू) आणि यीस्टवरचं जे ड्यूकमध्ये नाही, ते इथे आहे. सीएसआयआर नेटच्या लाइफ सायन्सेसची तयारी करणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. उत्तरांची फाइल वेगळी ठेवा आणि गणित पूर्ण लिहून झाल्याशिवाय उघडू नका. सुरुवात कॉम्प्लिमेंटेशन टेस्टपासून (दोन म्युटंटचा आपसात संकर) करा. दोन म्युटंट एकाच जीनमधले की वेगळ्या, हे ती सांगते, पण दोन्ही रिसेसिव्ह असतील तरच. एक जरी डॉमिनंट असला तर संकर म्युटंटच दिसणार आणि त्यावरून काहीही ठरत नाही. म्हणून प्रत्येक म्युटंटचा आधी साध्या (म्युटेशन नसलेल्या) जातीशी संकर करून तो रिसेसिव्ह असल्याची खात्री करून घ्यायची.