लोणारचं विवर की पऱ्हाटीचं वावर?

विदर्भात बसून विज्ञानकथा लिहायची म्हटलं की पहिलं लोणार आठवतं. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेलं जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, त्यात खारं पाणी; जून 2020 मध्ये ते सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं. एवढं आयतं समोर असल्यावर हात शिवशिवणारच. माझ्या पहिल्या दोन्ही कथा तिथेच घडल्या. पण त्यात माणसं नुसती काठावर उभी राहून बघत होती, त्यांना कामच उरलं नव्हतं. विज्ञानकथा लिहिणारे जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांना आकाश जवळचं होतं. आपल्याला वावर जवळचं.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात वाका आणि एक डोमकळी हातात घ्या. पाकळ्या उमलायच्या सोडून धाग्याने एकमेकींना शिवल्यासारख्या, आणि आत गुलाबी बोंडअळी. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस आपल्याकडे 2002 मध्ये आला. पुढे याच अळीने त्यातल्या विषाला दाद देणं सोडलं. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आपल्या धुऱ्याच्या आत! आता फवारणीला ड्रोन येतोय. मग वर्षानुवर्षं पाठीवर पंप बांधून फिरणाऱ्या माणसाच्या हाताला काम कोणतं? वाऱ्याने औषध शेजारच्या वावरात गेलं तर भांडायचं कोणाशी? इथे प्रत्येक यंत्रामागे एक घर उभं आहे, म्हणून माझं मत वावरालाच.

लोणार मात्र सोडलेलं नाही. तिथली पुढची कथा त्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची असेल, आकाशातल्या पाहुण्यांची नाही.