अनोळखी टोकन, भोकाची नाणी: फोटो टाकून शोधावं की मोजून?

नाण्यावर देशाचं नाव वाचता येत असेल तर फारसा प्रश्नच नाही. कोणताही कॅटलॉग उघडा, काम झालं. घोळ होतो तो पुसट अक्षरांच्या, अनोळखी लिपीच्या किंवा नुसता आकडा आणि भोक असलेल्या चकतीचा. तिथे दोन रस्ते आहेत: मोबाइलवर फोटो काढून चित्रशोध करायचा, नाहीतर वजन-मापं घेऊन न्यूमिस्टासारख्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये व्यास, वजन आणि आकार भरून शोधायचं.

फोटोचा रस्ता झटपट आहे, हे मान्यच. ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेच्या पेनीवर भोकाभोवती सहा टोकांची चांदणी असते; असं ठळक चित्र असलं की उत्तर चुटकीसरशी मिळतं. उजेड मात्र बाजूने, तिरका पाडा. समोरून पाडलेल्या उजेडात झिजलेली अक्षरं सपाट होऊन जातात.

माझं मन या रस्त्यावरून उडालं ते एकाच खोडीमुळे. चित्रशोध ‘माहीत नाही’ असं सहसा म्हणतच नाही. त्याला नक्षी कळते, आकारमान कळत नाही. खाणीतल्या कामगाराचा हजेरीचा बिल्ला दाखवला तरी तो जवळपास तसं दिसणारं काहीतरी पुढे करतो, आणि तेही ठामपणे. तीच चकती जरा फिरवून पुन्हा टाका, दुसराच देश निघतो. टोकनांच्या बाबतीत हा त्रास जास्त, कारण ती बऱ्याचदा एखाद्या कारखान्यापुरती किंवा मळ्यापुरती पाडलेली. त्यांचे फोटो नेटवर फारसे नसतातच. चौकोनी भोकाच्या चिनी नाण्यांवर वेगळीच गंमत होते. चिंग राजघराण्याच्या काळातल्या नाण्यावरची अक्षरं वर, खाली, उजवी, डावी अशा क्रमाने वाचायची असतात. भाषांतराच्या अ‍ॅपला हा क्रम ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे चारही अक्षरं बरोबर ओळखूनसुद्धा अर्थाचा अनर्थ होऊ शकतो.

मोजायला तीनच गोष्टी लागतात: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, कॅलिपर (जबड्यांत धरून व्यास-जाडी मोजायचं सरकतं साधन) आणि चुंबक. कॅलिपर प्लास्टिकचा बरा, ओरखडे पडत नाहीत. व्यास दोन-तीन ठिकाणी घ्या, भोक आतल्या जबड्यांनी मोजा. शोधताना व्यासाला ०.३ मिमी इकडे-तिकडे सूट द्या; वजनाला खालच्या बाजूने जरा जास्त द्या, कारण झीज वजनात आधी दिसते. चुंबकाला लोखंड आणि शुद्ध निकेल चिकटतं. पितळ, कांसं, तांबं-निकेल चिकटत नाही.

आता २१ मिमीच्या आसपासची भोकाची नाणी पाहा. ब्रिटिश हिंदुस्थानचा १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा जेमतेम २ ग्रॅमचा. नॉर्वेचा १९९७ पासूनचा १ क्रोन ४.३५ ग्रॅमचा. जपानचा ५० येन ४ ग्रॅमचा. जपानचाच ५ येन जरा मोठा: २२ मिमी, ३.७५ ग्रॅम, पितळी, ५ मिमीचं भोक. त्यावर किंमत फक्त जपानी लिपीत, आपल्या ओळखीचा आकडा एकही नाही. तरी काट्यावर ठेवला की लगेच सापडतो. फोटोत ही सगळी एकाच मापाची दिसतात.

मोजमापही सर्वज्ञ नाही. फ्रान्सचं जुनं १० सांतिमचं तांबं-निकेलचं नाणंही साधारण २१ मिमी आणि ४ ग्रॅम, म्हणजे ५० येनचं जुळं भावंडच. तिथे एखादं अक्षर दिसल्याशिवाय निकाल लागत नाही.

भोक मुळातलं की नंतर पाडलेलं, हे मोजण्याआधीच ठरवून टाका. नाहीतर भोकाच्या नाण्यांच्या यादीत उगाच शोधत बसाल. मुळातल्या भोकाभोवती बहुधा उठावदार कड असते आणि अक्षरं भोकाला वळसा घालून जातात. नंतर पाडलेलं भोक चित्राला किंवा अक्षराला कापतं, बरेचदा चेहऱ्याच्या वर, काठाजवळ असतं, आणि मागच्या बाजूला बोट फिरवलं तर धातूची उठलेली धार लागते. अशा भोकाने वजन फारसं घटत नाही: दीड मिमी जाडीच्या कांस्याच्या नाण्याला २ मिमीचं भोक पाडलं तर जेमतेम ०.०४ ग्रॅम जातं. वजनात अर्ध्या ग्रॅमचा फरक येत असेल तर दोष भोकाचा नाही. नाणंच दुसरं आहे, फार झिजलंय किंवा बनावट आहे.

टोकनांसाठी मापांइतकाच मजकूर कामाला येतो. काठाजवळ भोक, एका बाजूला नुसता क्रमांक आणि मागची बाजू कोरी असेल तर तो बहुधा खिळ्याला टांगायचा हजेरीचा किंवा अवजाराचा बिल्ला. पातळ पितळेवर ‘क्राउविंकेल’ (Krauwinckel) हे टोकन पाडणाऱ्याचं नाव दिसलं तर ते नाणंच नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला हिशेबासाठी पाडलेलं मोजणीचं टोकन आहे. जी काही अक्षरं लागतील ती जशीच्या तशी अवतरणचिन्हांत टाकून शोधा, अर्धवट शब्दही चालतो. फोटो टाकायचाच असेल तर तो यानंतर, मिळालेलं उत्तर ताडून पाहण्यापुरता.