कवळीचे पैसे: 6,500 वाली आणि 18,000 वाली, दोन्ही वापरून झाल्यावर

मी सेलूची, परभणी जिल्हा. झेडपीच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, आता रिटायर. शेवटचे 9 दात उरले होते, तेही हलायले होते, ते काढले आणि त्यानंतर माझ्या दोन कवळ्या झाल्या. पहिली 8 महिने वापरली, दुसरी गेल्या जूनपासून म्हणजे 9 महिने. आमच्याकडं कवळीचा विषय निघाला की पहिला प्रश्न "केवढ्याला पडली?" मीही तेच विचारत फिरले होते आणि तिथंच चुकले, म्हणून पैशाचं जरा सविस्तर लिहिते.

पहिली कवळी वरची-खालची मिळून 6,500 ला. दात काढल्यावर तीनच आठवड्यांनी माप घेतलं, दुसऱ्या वेळेला कवळी हातात. दसऱ्याच्या आत दात आले म्हणून घरात सगळे खूश, मीपण. दिवाळीपर्यंत बरी होती. संक्रांतीला खालची बोलताना उचलायला लागली, होळीला वरची पण. संक्रांतीपासूनच मेडिकलमधून चिकटवायची ट्यूब, महिन्याला 200 रुपये, ती पाच महिने चालली. मे महिन्यात धुताना बेसिनमध्ये पडून वरची मधोमध तुटली, जोडायचे 800. म्हणजे 6,500 चे 8,300 झाले आणि टिकली 8 महिने, महिन्याला जवळजवळ 1,040 रुपये पडले. आणि त्या आठ महिन्यांत भाकरी मी दुधात नाहीतर वरणात काला करूनच खाल्ली ते वेगळं.

आता खरं सांगायचं तर दोष नुसत्या स्वस्ताचा नव्हता. दात काढल्यावर पहिले काही महिने जबड्याचं हाड आणि हिरडी झपाट्यानं झिजते, हे मला दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. तीन आठवड्यांच्या हिरडीवर घेतलेलं माप चार महिन्यांनी कसं बसणार? घाईनं कवळी करूच नये असं नाही, लगेच दात लागणारे लोक करतात, पण तेव्हा ती तात्पुरती आहे, पुढं आतून भरून घ्यावी लागंल नाहीतर नवी करावी लागंल हे आधी सांगितलं पाहिजे. मला कुणीच सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी परभणीत तीन ठिकाणी चौकशी केली. साध्या अॅक्रेलिकची (कवळीचं प्लास्टिक) जोडी 12,000, लवकर न तुटणारं चांगलं अॅक्रेलिक आणि बऱ्या प्रतीचे दात 18,000, जास्त काटेकोर पद्धतीनं करतात, बीपीएस म्हणतात ती 45,000. आणि खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) घालून त्यावर बटणासारखी टिच्चकन बसणारी कवळी, ती 1,10,000. आकडे ऐकून डोकं फिरतं. मग मी वहीत प्रत्येकासमोर प्रश्न लिहिले, फेऱ्या किती, मेणावरची ट्रायल आहे का, नंतर टोचलं तर घासून द्यायचे पैसे वेगळे का, सैल झाली तर रिलाइनचे, म्हणजे आतून भरून घ्यायचे, किती, तुटली तर किती. 12,000 वाल्यांकडं घासून द्यायचे दरवेळी 300 होते. 18,000 मध्ये पहिल्या सहा महिन्यांची सगळी दुरुस्ती धरलेली. एवढं कळल्यावर 6,000 चा फरक तेवढा मोठा वाटंना.

18,000 वालीच्या पाच फेऱ्या झाल्या. पहिलं माप, मग त्यावरून माझ्यापुरता ट्रे बनवून दुसरं माप (यात गाल, ओठ, जीभ हलवायला लावतात, कड नेमकी कुठपर्यंत ठेवायची ते त्यातून कळतं), मग मेणाच्या पट्टीवर वरचा-खालचा जबडा मिटतो कसा ते, मग मेणात दात बसवून ट्रायल, मग पक्की कवळी. ट्रायलला घरातलं कुणीतरी सोबत न्याच. माझी लेक होती, ती म्हणाली समोरचे दात फार मोठे दिसायलेत, तिथल्या तिथं बदलले. एकदा अॅक्रेलिक पक्कं झालं की हे बदलणं अवघड. नंतर घासून घ्यायला तीन फेऱ्या, म्हणजे एकूण आठ वेळा सेलू-परभणी. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे म्हणून प्रवास अंगावर आला नाही, पण सोबत माणूस येत असंल आणि त्याची रोजी बुडत असंल तर तेही खर्चातच धरा.

माझी जाऊबाई जालन्याला असते, तिनं संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात करून घेतली, घाटी म्हणतात त्या सरकारी दवाखान्याच्या आवारात आहे ते. काम विद्यार्थी करतात आणि दर टप्प्याला सर तपासतात. फी क्लिनिकच्या मानानं फारच थोडी, तिची कवळी मी डोळ्यांनी बघितलीय, छान बसलीय. ज्याच्याकडं वेळ आहे आणि जवळ राहायची सोय आहे त्यानं आधी तिथंच जावं असं माझं मत. लातूर-नांदेडकडच्या लोकांना तिथली डेंटल कॉलेजं आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्या साहित्यात कवळी पण आहे, मी पेन्शनर म्हणून त्यात बसत नाही, पण कुणी बसत असंल तर शिबिर कधी लागतंय ते विचारून ठेवा.

आता वापराचं. पहिला आठवडा तोंडात दगड धरल्यासारखं, लाळ सुटायची. "श" आणि "स" नीट येत नव्हते, 31 वर्षं पोरांना उच्चार शिकवलेल्या बाईला ते फार लागलं. रोज पेपरचं पहिलं पान मोठ्यानं वाचायला बसले, पंधरा-वीस दिवसांत जीभ वळली. खालच्या बाजूला दोन ठिकाणी फोड आला. दुखतं म्हणून कवळी काढून ठेवून दवाखान्यात जाऊ नका, आदल्या दिवसापासून घालूनच जा, म्हणजे कुठं टोचायलंय ते लाल दिसतं आणि तेवढंच घासता येतं. घरी कानशीनं घासायचं तर मनातसुद्धा आणू नका.

वरचीबद्दल मला काही तक्रार नाही, टाळूला ओढून धरते. फक्त टाळू झाकल्यामुळं चहा किती गरम आहे ते कळत नाही, एकदा घसा पोळला. खालची मात्र खालचीच. तिला टाळू नाही, जागा कमी आणि मधे जीभ सारखी हलणार, ती वरचीएवढी घट्ट कधीच बसत नाही आणि हे 45,000 वालीलाही चुकत नाही असं मॅडम स्पष्ट बोलल्या. जास्तीचे पैसे असतील तर ते खालच्या दोन इम्प्लांटला लावा, असं त्यांचं म्हणणं, आणि दोन्ही कवळ्या वापरल्यावर मला ते पटतं. माझ्याकडं तेव्हा लाख नव्हते.

तीन महिन्यांनी ज्वारीची भाकरी कोरड्यास सोबत चावून खाल्ली. घास लहान आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा, एकाच बाजूनं चावलं की दुसरी उचलते. समोरच्या दातांनी तोडायचं नाही, पेरूच्या फोडी करायच्या. ठेच्यातलं मिरचीचं बी कवळीखाली गेलं तर जीव नकोसा होतो, म्हणून ठेचा दह्यात कालवून. जानेवारीत भावाच्या शेतात हुरडा खाल्ला, दाणे आत गेले, उठून चूळ भरून पुन्हा बसले, पण खाल्ला. आदल्या वर्षी नुसती बघत बसले होते, तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

रात्री काढून साध्या पाण्यात ठेवते. टूथपेस्टनं चरे पडतात म्हणून मऊ ब्रश आणि भांड्याचा पातळ साबण, उकळतं पाणी अजिबात नाही, वाकडी होते. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवते, बेसिनचा धडा एकदाच पुरे.

पाच वर्षं टिकली आणि मधे दोनदा 3,000 चं रिलाइन लागलं असं धरलं तरी 24,000, म्हणजे महिन्याला 400 रुपये. पहिलीच्या निम्म्याहून कमी. जूनमध्ये वर्षाची तपासणी आहे, खालची डाव्या बाजूला किंचित हलायलीय असं मला वाटतंय, तेव्हा रिलाइनचे 3,000 पेन्शनमधून बाजूला काढून ठेवलेत.